गरमी, पारा आणि मूत्रपिंड

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही गिरणीसंपावर किंवा किमान वेतनावर बोलू अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही सांगितले, ‘गरमीच्या रोगात मूत्रपिंडे कशी बिघडतात, याचा इतिहास.’ टेलिफोनवर काही क्षण कोणी बोलेना. मग चिटणिसांनी हळूच विचारले, ‘सभेला बायाबापड्या असतात. पत्रिकेत काय छापायचे?’ आम्ही म्हणालो, आहे तेच छापा. त्यांनी ते छापले, याबद्दल आभार मानून सुरुवात करतो.

आम्ही डॉक्टर नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते तालुक्याच्या वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत, रात्री दिवा लावून. या विषयाकडे आम्ही वळलो ते एका हमालामुळे. १९९५ सालची गोष्ट. बाजार आवारात ओझी उचलणारा पंचविशीतला गडी. सकाळी उठला की डोळ्यांच्या पापण्या सुजलेल्या, संध्याकाळी पाय वहाणेत मावत नसत, लघवीला साबणासारखा फेस. तीन महिन्यांपूर्वी त्याला गरमी झाली होती. लाजेपायी तो दवाखान्यात गेला नाही. जत्रेत तंबू ठोकून बसलेल्या एका वैदूकडून करड्या रंगाच्या पुड्या घेऊन खात राहिला. मुकादमाला हे कळले तेव्हा त्याने ‘बाहेरख्यालीपणाचे फळ’ असा शेरा मारून त्याचे नाव टोळीतून कमी केले. आम्ही त्याला सरकारी रुग्णालयात नेले. रक्तात उपदंश निघाला, लघवीतून प्रथिन वाहून जात होते. डॉक्टरांनी पेनिसिलिनची इंजेक्शने दिली, पुड्या बंद करविल्या, आणि काही महिन्यांत सूज उतरली.

आम्ही डॉक्टरांना विचारले, ‘हे गरमीने झाले, की पुड्यांनी?’ ते हसून म्हणाले, ‘दोन्ही एकदम थांबवले, माणूस बरा झाला. कशाने बिघडले होते ते आता कोण सांगणार?’

डॉक्टरांच्या दृष्टीने प्रश्न संपला होता. आमच्या दृष्टीने नव्हता. यंत्रात हात गेला की पहिला प्रश्न निघतो, यंत्राला जाळी नव्हती की कामगार गाफील होता? आणि उत्तर काय लिहिले जाते, हे आम्ही तीस वर्षे चौकशांना बसून पाहिले आहे. तेव्हा आम्ही वाचू लागलो. वाचता वाचता ध्यानात आले की आम्ही विचारलेला प्रश्न नवा नव्हता. लंडन, पॅरिस, व्हिएन्ना येथील थोर थोर वैद्यांनी तो दोनशे वर्षे विचारला होता.

प्रथम मूत्रपिंडाचे काम थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचे समजावयाचे नाही. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. प्रत्येक गाळणी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा गुंतवळा, आणि त्याला जोडलेली एक लांब नळी. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा या नळ्या परत रक्तात ओढून घेतात, आणि दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर पडते. रक्तातले प्रथिन गाळणीने अडवायचे असते. गाळणीचा पडदा बिघडला की प्रथिन निसटते, रक्त पातळ पडते, आणि पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून अंगात साचते. आमच्या हमालाचे नेमके हेच झाले होते. नळ्या बिघडल्या तर प्रकार निराळा. लघवीच बंद होऊ शकते. गाळणी आणि नळी हा भेद श्रोत्यांनी लक्षात ठेवावा.

आता इतिहास. १४९५ साली फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स याच्या फौजा नेपल्समध्ये होत्या, आणि तेथून हा रोग युरोपभर पसरला. फ्रेंच त्याला नेपल्सचा रोग म्हणत, इटालियन फ्रेंचांचा. शेजाऱ्याच्या नावे बिल फाडण्याची ही रीत सार्वत्रिक आहे, आणि आपणही त्यास अपवाद नाही. फरक इतकाच की आपल्याकडे बिल बऱ्याच अंशी खऱ्या पत्त्यावर गेले. १४९८ मध्ये पोर्तुगीज कालिकतला उतरले, आणि सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात भावमिश्राने ‘फिरंग रोग’ म्हणून त्याचे स्वतंत्र प्रकरणच लिहिले. त्याने दोन उपाय सांगितले आहेत. एक चोपचिनी. ही चीनकडून येणारी मुळी त्या काळी गोव्यातही फार गाजली होती. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य राहिलेला गार्सिया द ओर्ता याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिच्यावर सविस्तर लिहिले आहे. दुसरा उपाय रसकर्पूर, म्हणजे पाऱ्याचा क्षार. तो गव्हाच्या पिठाच्या गोळीत घालून, दातांना न लागू देता गिळावा, असे भावमिश्र बजावतो. म्हणजे पारा तोंड सुजवतो, दात हलवतो, हे त्याला पक्के ठाऊक होते. जत्रेतल्या तंबूवाल्याने इतकीही काळजी घेतली नव्हती.

युरोपात पाऱ्याचाच अंमल चालला. मलम करून अंगाला चोळायचे, धुरी द्यायची, पोटात द्यायचे. रोग्याला बंद खोलीत शेकोटीजवळ बसवून तोंडातून लाळेचे भांडेच्या भांडे भरेपर्यंत हा प्रकार चाले, आणि लाळ जितकी अधिक तितके विष बाहेर पडले अशी समजूत होती. लाळ सुटणे हे पाऱ्याच्या विषबाधेचे लक्षण आहे, ही गोष्ट शतकानुशतके औषध लागू पडल्याची खूण म्हणून मिरविली गेली.

येथे आमच्या धंद्याचा माणूस थोडा थबकणारच. हा पारा येत होता कोठून? स्पेनमधील अल्मादेन आणि आजच्या स्लोव्हेनियातील इद्रिया येथील खाणींतून. अल्मादेनची खाण सोळाव्या शतकात फुगर या जर्मन सावकारी घराण्याने मक्त्याने घेतली होती, आणि तेथे शिक्षा झालेले कैदी जुंपले जात. खाणकऱ्याचे हातपाय पाऱ्याने थरथरत. वरच्या खोलीत श्रीमंत रोगी तोच पारा अंगाला चोळून घेत असे. चोळणारा कोण? याची चौकशी करणारा आम्हांस एकच माणूस भेटला. बर्नार्दिनो रामाझिनी या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, आणि त्यात गरमीच्या रोग्यांना पाऱ्याचे मलम चोळणाऱ्या मजुरांवर एक वेगळे प्रकरण घातले. रोगी निदान बरे होण्याच्या आशेने पारा घेत होता. हे मजूर चार पैशांसाठी घेत होते. हे प्रकरण वाचून आम्ही त्या रात्री पुढे काही वाचले नाही.

मूत्रपिंडांकडे वैद्यांचे लक्ष गेले ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. सूज आलेल्या काही रोग्यांची लघवी तापवली तर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठते, हे ध्यानात आले होते. विल्यम चार्ल्स वेल्स याने १८१२ साली आणि एक्सेटरच्या जॉन ब्लॅकॉल याने १८१३ साली असे नोंदवले की पाऱ्याचा उपचार चाललेल्या लोकांच्या लघवीतही हा गोठणारा पदार्थ सापडतो. पुढे १८२७ मध्ये लंडनच्या गाय इस्पितळातील रिचर्ड ब्राइट याने सूज, गोठणारी लघवी आणि शवविच्छेदनात दिसणारी बिघडलेली मूत्रपिंडे या तिघांची गाठ घालून दिली. मेणबत्तीवर चमच्यात लघवी तापवायची, एवढेच त्याचे यंत्र.

मग पॅरिसच्या पिएर रेये याने १८४० च्या सुमारास मूत्रपिंडांवरील आपल्या मोठ्या ग्रंथात उपदंशाच्या रोग्यांतील मूत्रपिंडविकाराचे वर्णन केले. झाले, वाद उभा राहिला. रोग्याला गरमी होती म्हणून प्रथिन गेले, की गरमीवर पारा दिला म्हणून? गरमीचा रोगी सापडला की त्याला पारा दिलेलाच असे. पारा न दिलेला रोगी तुलनेसाठी आणायचा कोठून? दोन साक्षीदार नेहमी एकत्रच हजर होणार, वेगवेगळी साक्ष कधी नोंदली जाणार नाही, अशा चौकशीचे जे होते तेच या वादाचे झाले. डॉक्टर मंडळी दोन तटांत विभागली, आणि लोकमत मात्र केव्हाच निकाल देऊन मोकळे झाले होते: रोगी पापी, तेव्हा जे झाले ते त्याच्या पापाने झाले.

या निकालाचे कायद्यात रूपांतर व्हायलाही वेळ लागला नाही. हिंदुस्थानात १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा आला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून वेश्यांची नोंदणी, सक्तीची तपासणी, आणि रोग आढळल्यास ‘लॉक हॉस्पिटला’त कोंडणे. त्या काळचा सर्वमान्य उपचार पाराच. १८८८ मध्ये कायदा रद्द झाला. त्या स्त्रियांच्या लघवीचे काय झाले हे कोणी तापवून पाहिल्याचे आमच्या वाचनात नाही.

परम्याची गोष्ट वेगळी, आणि तेथे वाद नव्हता. परम्याचा जंतू आल्बर्ट नाइसर याने १८७९ मध्ये शोधला. हा रोग वारंवार झाला, उपचाराविना राहिला, की काही वर्षांनी मूत्रमार्गात व्रण धरून तो अरुंद होतो. लघवी तुंबते, मूत्राशय फुगतो, तुंबलेल्या पाण्याचा दाब मागे मागे चढत मूत्रपिंडांपर्यंत जातो आणि ती आतून पोकळ होत जातात. नाल्याच्या तोंडाशी गाळ साचला की वरच्या वस्तीत पाणी शिरते, तसेच. सळई घालून मार्ग रुंद करणे हा पेनिसिलिनपूर्व काळातील शल्यवैद्यांचा नित्याचा उद्योग होता.

पुन्हा मुख्य वादाकडे येऊ. १९०५ मध्ये शाउडिन आणि हॉफमान यांनी उपदंशाचा जंतू दाखवला, १९०६ मध्ये वासरमान यांची रक्तपरीक्षा आली, १९१० मध्ये एर्लिश आणि जपानी हाता यांचे ‘६०६’ हे सोमलाचे औषध आले. आता गरमी आहे की नाही हे तरी नक्की सांगता येऊ लागले. १९१३ मध्ये फ्रिट्झ मुंक याने उपदंशाच्या सुजलेल्या रोग्यांच्या लघवीत सूक्ष्मदर्शकाखाली चकाकणारे मेदाचे कण पाहिले. पण पारा बाजूला झाला नव्हता. सोमलाच्या जोडीला तो चालूच होता.

आणि मग १९१९ साली व्हिएन्नात एक चमत्कारिक गोष्ट घडली. वेंकेबाख यांच्या रुग्णशाळेत आल्फ्रेड फोग्ल नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी काम करीत होता. जन्मजात उपदंश असलेल्या एका मुलीसाठी त्याने पाऱ्याचे एक इंजेक्शन मागवले. ते पाण्यात विरघळतच नाही असे निघाले. एका सहकाऱ्याने त्याऐवजी नोव्हासुरॉल नावाचे नवे पाऱ्याचे औषध पुढे केले. वॉर्डातील परिचारिका मोठी काटेकोर. रोज किती लघवी झाली हे मोजून ती तक्त्यावर रंगाच्या उभ्या पट्टीने दाखवीत असे. कोणी सांगितले नव्हते, तरी करीत असे. इंजेक्शन दिल्यावर तिच्या तक्त्यावरची पट्टी एकदम उंच उडाली. औषध थांबवले की पट्टी खाली. फोग्लने मग हृदयविकाराने सुजलेल्या रोग्यांना तेच दिले, आणि अंगातले पाणी अक्षरशः वाहून गेले. या शोधातून पाऱ्याची मूत्रल औषधे निघाली, आणि १९५७-५८ मध्ये पाऱ्याविना गोळ्या येईपर्यंत जगभर तीच वापरात होती.

ज्या पाऱ्याने मूत्रपिंड बिघडते त्यानेच लघवी वाढते, हे कसे? येथे गाळणी आणि नळी यांचा भेद कामास येतो. नळ्या मीठ आणि पाणी परत ओढतात. बेताच्या मात्रेतला पारा त्यांच्या या कामात खोडा घालतो, म्हणून पाणी बाहेर पडते. मात्रा मोठी झाली की नळ्यांचे अस्तरच मरते आणि लघवी बंद. आणि थोडा थोडा पारा महिनोन्‌महिने पोटात गेला, तर काहींच्या शरीराची स्वतःचीच संरक्षक फौज गाळणीच्या पडद्यावर चाल करून येते. धातू एक, गुन्हे तीन. शोधाचे श्रेय फोग्लला मिळाले ते योग्यच, पण तक्ता भरणाऱ्या बाईशिवाय त्याला काय दिसले असते, हा प्रश्न विचारल्याशिवाय आम्हांस राहवत नाही.

दोन साक्षीदारांना वेगळे केले ते पेनिसिलिनने. १९४३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर जॉन महोनी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी चार उपदंशाचे रोगी पेनिसिलिनने बरे केले. आपल्याकडे पिंपरीच्या सरकारी कारखान्यात, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने, १९५५ पासून ते बनू लागले. पारा मागे पडला. आता पाऱ्याचा स्पर्शही न झालेला उपदंशाचा रोगी पाहायला मिळू लागला, आणि त्यांच्यापैकी काहींना सूज येते, प्रथिन जाते, आणि पेनिसिलिनने ते थांबते, हे स्वच्छ दिसले. १९७५ मध्ये गॅम्बल आणि रिअर्डन यांनी अशा रोग्याच्या गाळणीत साचलेल्या थरातून उपदंशाच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्येच धुऊन काढून दाखवली. म्हणजे रेये खरा होता. पण वेल्स आणि ब्लॅकॉलही खोटे नव्हते.

वाद येथे संपायला हरकत नव्हती. पण १९८४ मध्ये न्यूयॉर्क आणि मायामी येथील डॉक्टरांनी एड्सच्या रोग्यांत एक झपाट्याने वाढणारा मूत्रपिंडविकार वर्णिला, आणि सगळे नाटक पहिल्या अंकापासून पुन्हा सुरू झाले. रोग्यांत हेरॉइन टोचून घेणारे बरेच होते. तेव्हा ‘हा विकार एड्सचा नव्हे, हेरॉइनचा,’ असे काहींनी म्हटले. पुन्हा रोग की सवय? मग हेरॉइनला कधी न शिवलेल्यांत, अगदी लहान मुलांतही तो सापडला, आणि १९९१ मध्ये या विषाणूची जनुके घातलेल्या उंदरांनाही झाला. उंदरावर तर व्यसनाचा आरोप करता येत नाही! रोगी बहुतेक आफ्रिकी वंशाचे का, याचे उत्तर २०१० मध्ये मिळाले: आफ्रिकेत निद्रारोगापासून वाचवणारा एका जनुकाचा प्रकार त्यांच्या मूत्रपिंडांना मात्र घातक ठरत होता. आपल्याकडे हा विशिष्ट विकार विरळाच. आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या दाराने आला. १ एप्रिल २००४ पासून सरकारने एड्सची औषधे मोफत देण्यास सुरुवात केली. पुढे त्यांत टेनोफोव्हिर आले. औषध उत्तम, परंतु काहींच्या मूत्रपिंडांतील नळ्यांना बाधते. म्हणून ते घेणाऱ्याचे रक्त वेळोवेळी तपासावे लागते. आमच्या वाहतूक कामगारांना आम्ही सांगतो, गोळी सोडू नका आणि तपासणीही चुकवू नका. त्यांतले काही तपासणीला जात नाहीत, कारण त्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिलेले कोणी पाहील. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात, केवळ रक्तात हा विषाणू निघाला म्हणून काम करण्यास समर्थ असलेल्या माणसाला काम नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला, आणि त्याला नाव गुप्त ठेवून दावा चालवू दिला. २०१७ चा कायदा हेच सांगतो. कायदा आहे, खिडकीसमोरची लाज कायद्याने जात नाही, हा आमचा अनुभव.

आता आमच्या हमालाच्या प्रश्नाचे उत्तर. मूत्रपिंडाचा सुईने काढलेला बारीक तुकडा तपासून गाळणीवर कोणते प्रथिन साचले आहे हे आता ओळखता येते. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केले की उपदंशाने बिघडलेल्या गाळण्यांवर ‘एनडीएनएफ’ नावाचे प्रथिन सापडते. आणि त्याआधी, २०२२ मध्ये, आपल्याच देशातील डॉक्टरांनी दाखवले होते की ‘एनईएलएल-१’ नावाचे दुसरेच प्रथिन ज्यांच्या गाळण्यांवर आहे, त्यांच्यातील पुष्कळांनी पारा असलेली देशी औषधे घेतलेली असतात. केरळात पुढे तोंड गोरे करण्याच्या मलमांनीही हेच घडलेले आढळले. पारा त्यांतही होता. दुसऱ्या कारणांनीही हे प्रथिन दिसते, तेव्हा नुसत्या त्यावरून फाशी देता येणार नाही. पण दोन आरोपींच्या बोटांचे ठसे वेगळे आहेत, आणि ते आता वाचता येतात, एवढे खरे.

आम्ही हे त्या डॉक्टरांना कळवावे म्हणून चौकशी केली. ते निवृत्त होऊन दुसऱ्या गावी गेले आहेत. हमाल हयात आहे, नातवंडे आहेत. १९९५ साली त्याच्या मूत्रपिंडाचा तुकडा कोणी काढला नव्हता, तेव्हा गरमी की पुडी हे त्याच्याबाबतीत कळावयाचे नाही. त्याला आम्ही हे सगळे समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, ‘मग मुकादमाने माझे नाव कशावरून काढले होते?’